दोष आणि दोषी

भाद्रपद वद्य अष्टमीला आई तुळजाभवानी निद्रेसाठी पलंगावर जाते आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर येते. मधले हे आठवडाभराचे दिवस आमच्या तुळजापुरात तयारीचे असतात. नवरात्राची खरी गर्दी अजून यायची असते. दुकानदार माल भरतात, पाट्या नव्यानं रंगवतात, उधारीच्या वह्या चाळतात. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी शेजारच्या दुकानदारांनी खालून हाक मारली, “साहेब, जरा येता का? आमच्या दिवट्यानं कॉम्प्युटरचं वाटोळं केलं बघा.”

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गल्लीत मी अजून ‘बँकेतले साहेब’च आहे. मी कादंबऱ्या लिहितो हेही गल्लीला ठाऊक आहे, पण त्याचा कुणाला काही उपयोग नसल्यानं तो विषय निघत नाही. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा मी तिथं होतो, त्या अर्थी मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळत असणार, असा लोकांचा समज आहे. खरं सांगायचं तर कॉम्प्युटरचं झाकण मी आयुष्यात कधी उघडलं नव्हतं. तरी गेलो.

दुकानदारांचं महाद्वाराच्या वाटेवर कवड्यांच्या माळांचं आणि हळदी-कुंकवाचं दुकान. घर मागच्या बाजूला. थोरला मुलगा बारावीत. त्यानं दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून एक जुनं कॅबिनेट आणलं होतं, आत मदरबोर्ड वगैरे बसवलेलंच. मग हळूहळू हार्ड डिस्क, मॉनिटर, प्रिंटर असं एकेक जमवून त्यानं घरातच आपला कॉम्प्युटर उभा केला. गल्लीतल्या मुलांचे प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज तो त्यावर भरून द्यायचा. त्याचे जे चार पैसे साठले, त्यातून त्यानं आता नवी रॅम, नवा एसएमपीएस आणि एक जुनं ग्राफिक्स कार्ड अशा तीन वस्तू घेतल्या होत्या. दुपारी त्या बसवल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच.

मी पोचलो तेव्हा घरात तीन मतं तयार होती. वडील म्हणत होते, “चालू मशीन होतं. ह्याला कशाला हात लावायला पाहिजे होता?” आई म्हणत होती, “अमावस्या तोंडावर आलीय, चार दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं?” आणि मुक्कामाला आलेले मामा म्हणत होते, “सोलापूरच्या त्या दुकानदारानं पोराला फसवलं. उद्या सकाळच्या गाडीनं जातो आणि बघतो त्याच्याकडं.” पोरगा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून खाली मान घालून बसला होता. चूक कुठं झाली, याबद्दल त्या खोलीत कुणी बोलत नव्हतं. चूक कुणाची, याचा मात्र निकाल जवळजवळ लागला होता.

मी एक कागद मागितला आणि पोराला म्हणालो, “काय काय बदललंस ते आधी लिही.” त्यानं तीन नावं लिहिली.

“तिन्ही एकदमच बसवलंस?”

“हो काका.”

इथंच पहिली गोम होती. तीन गोष्टी एकदम बदलल्या की संशयितही तीन होतात. खरं तर चार. कारण बदल करताना जो हात आत जातो, तो नव्या वस्तूंच्या आजूबाजूलाही लागलेला असतो. त्या चौथ्याचं नाव कागदावर कुणी लिहीत नाही.

आमच्या मंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. भाविक त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरतात. दगड उजवीकडे फिरला तर ‘होय’, डावीकडे फिरला तर ‘नाही’, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण त्या दगडापाशी एक शिस्त आपोआप पाळावी लागते. प्रश्न असा विचारायचा की उत्तर होय किंवा नाही असंच यावं. ‘हा कॉम्प्युटर का चालत नाही?’ हा प्रश्न यंत्राला विचारता येत नाही. ‘भिंतीतून वीज येते का?’ हा विचारता येतो.

वीज येत होती, नाहीतर पंखा फिरला नसता. मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागत होता, त्याची तार घट्ट होती. चालू झाल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःचीच तपासणी करतो आणि आत छोटा स्पीकर असेल तर ‘सगळं ठीक’ म्हणून बहुधा एकदा बारीक आवाज देतो. हा रोज देत असे, आज गप्प होता. म्हणजे यंत्र पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच कुठंतरी अडलं होतं. चार प्रश्नांत निम्मं रान मागं पडलं.

मग पोरानं पिन भिंतीतून काढली. हे महत्त्वाचं. १९९५ साली आलेल्या एटीएक्स पद्धतीत समोरच्या बटणानं कॉम्प्युटर बंद केला, तरी पिन भिंतीत असेपर्यंत मदरबोर्डवर पाच व्होल्टची बारीक वीज राहतेच. पिन काढून, बटण काही क्षण दाबून धरून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची आणि मगच आत जायचं. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडायची नाही. पिन काढल्यावरही तिच्या पोटात वीज साठून राहते. हे सगळं पोराला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी फक्त एका वेळी एकच गोष्ट करायला लावत होतो आणि प्रत्येक गोष्ट कागदावर टिपून घेत होतो.

ग्राफिक्स कार्ड काढलं, मॉनिटरची तार मदरबोर्डच्या स्वतःच्या खाचेत लावली. पडदा काळाच. नवी रॅम काढून जुनी बसवली. तिची सोनेरी कड खोडरबरानं पुसून, दोन्ही बाजूंना टक्‌ असा आवाज येईपर्यंत दाबली. तेच. घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा नाण्यासारखा सेल काही मिनिटं काढून पुन्हा घातला. त्या सेलचं नाव सीआर २०३२; २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. ही माहिती पोरानं दिली आणि त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा थोडा हसला. पण यंत्र काही हललं नाही. शेवटी नवा एसएमपीएस काढून जुना लावला. तरीही पडदा काळाच.

“झालं,” वडील म्हणाले. “मदरबोर्डच गेला.” मामांनी खिशातून फोन काढला. “आत्ताच विचारतो त्याला. त्याच्या रॅमनंच जाळला असणार.”

“थांबा,” मी म्हणालो. आवाज नको इतका चढला असावा, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याला कारण होतं, आणि ते त्या खोलीतलं नव्हतं.

डिसेंबर १९८६. मी याच जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. बँकांचं वर्ष त्या काळी डिसेंबरला संपत असे. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ मध्ये येऊन गेला होता, पण आमच्या शाखेपर्यंत अजून एकही यंत्र पोचलेलं नव्हतं. भली थोरली लेजरं, निळी शाई आणि तोंडी बेरजा. वर्षअखेरीला प्रत्येक लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज मुख्य खतावणीशी जुळली पाहिजे. बचत खात्यांच्या एका लेजरमध्ये २,७०० रुपयांचा फरक आला.

त्या लेजरवर १ डिसेंबरपासून एक नवा कारकून बसला होता. वीस-बावीस वर्षांचा, शेतकऱ्याच्या घरातला, प्रोबेशनवर. माणूस नवा, फरक नवा. आम्ही दोन आणि दोन चार केले.

जुन्या हिशेबनिसांची एक युक्ती असते. फरकाला नऊनं निःशेष भाग गेला तर आकड्यांची उलटापालट झाली असावी असं समजायचं. २,७०० ला नऊनं भाग जातो, तीनशे येतात. म्हणजे हजाराच्या आणि शतकाच्या जागेवरचे, तीनचं अंतर असलेले दोन अंक कुणीतरी उलटे लिहिलेले असणार. मी डिसेंबरची एकूण एक व्हाउचरं आणि एकूण एक नोंद ताडून पाहिली. उलटा आकडा कुठंच नव्हता. आणि आता बघा, मन कसं चालतं ते. चूक सापडली नाही, यावरून मी काय निष्कर्ष काढावा? ही चूक नाहीच, हे मुद्दाम केलेलं आहे, असा. मॅनेजरसाहेबांनी पोराला मेमो दिला. त्यानं दिलेलं उत्तर एका ओळीचं होतं: मला यातलं काही माहीत नाही. त्याच्या फाइलमध्ये शेरा लिहिला गेला. दोन महिन्यांत त्याची लांबच्या शाखेत बदली झाली. पुढे त्यानं नोकरी सोडल्याचं कानावर आलं.

मार्चमध्ये एक शेतकरी पासबुक भरायला आला. त्याच्या पासबुकात नोव्हेंबरअखेरची शिल्लक ५,२०० होती, आमच्या लेजरात २,५००. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुनं लेजर भरलं म्हणून सगळ्या शिलका नव्या लेजरात ओढल्या होत्या. तेव्हाचा कारकून रजेवर होता, म्हणून ते काम एका अधिकाऱ्यानं केलं होतं. अक्षर माझं होतं.

मी डिसेंबरच्या नोंदी शोधत बसलो होतो, कारण तो पोरगा डिसेंबरमध्ये आला होता. शोध कुठून सुरू करायचा, हे माझ्या संशयानं ठरवलं होतं. चूक त्याच्या आधीच्या पानावर होती आणि ते पान मी उघडलंच नाही. लाल शाईनं दुरुस्ती केली, खाली सही केली. मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “जुळलं ना? मग आता कशाला उकरून काढता?” मीही उकरून काढलं नाही. हिशेबातला फरक मिटला, फाइलमधला शेरा तसाच राहिला.

तर त्या संध्याकाळी मामांच्या हातातला फोन पाहून मला ते लेजर आठवलं. मी पोराला विचारलं, “बदल करायच्या आधी आत कसं होतं, हे कुठं लिहून ठेवलंयस का?” लिहून ठेवलं नव्हतं. पण आदल्या दिवाळीत मित्रांना दाखवायला म्हणून त्यानं उघड्या कॅबिनेटचा एक फोटो काढला होता. फोटो मोबाइलमध्ये सापडला. त्याची धाकटी बहीण, सातवीतली, इतका वेळ बॅटरी धरून उभी होती. ती एकदा फोटोकडे बघायची, एकदा आत. आणि म्हणाली, “दादा, ह्या कोपऱ्यातली पिवळी-काळी तार कुठं गेली?”

तार कुठं गेली नव्हती. प्रोसेसरला वेगळी वीज देणारा तो चार खाचांचा छोटा प्लग पंख्यामागं लोंबकळत होता. दोन पिवळ्या तारा, दोन काळ्या. चोवीस खाचांचा मोठा प्लग लावला की पंखे फिरतात, दिवे लागतात, घर जागं झाल्यासारखं वाटतं. पण हा छोटा प्लग नसेल तर प्रोसेसर झोपलेलाच राहतो. पोरानं कॅबिनेट आणलं तेव्हा तो प्लग आधीपासून लावलेला होता, म्हणून तो वेगळा लावावा लागतो हे त्याच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. नवा एसएमपीएस लावताना तो राहिला, आणि जुना परत लावताना तीच चूक पुन्हा झाली. एकच चूक दोनदा केली की ती चूक वाटत नाही, पुरावा वाटते.

पिन काढली, प्लग बसवला, पिन लावली. बारीकसा आवाज आला आणि पडदा उजळला. मग नव्या वस्तू एकेक करून बसवल्या, दर वेळी चालू करून पाहिलं. रॅम चांगली होती. एसएमपीएस चांगला होता. ग्राफिक्स कार्डही चांगलं होतं. सोलापूरच्या त्या दुकानदारानं पोराला तिन्ही वस्तू चोख दिल्या होत्या. मामांनी फोन खिशात ठेवला आणि चहा सांगितला.

वाचकहो, ही गोष्ट सांगायचं कारण कॉम्प्युटर नाही. दोष शोधणं आणि दोषी शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्या घरांत, कचेऱ्यांत आपण दुसरं काम आधी उरकतो. ते सोपं असतं. त्यासाठी झाकण उघडावं लागत नाही. जो नवा आला, जो लहान आहे, ज्यानं शेवटचा हात लावला, त्याच्याकडे बोट दाखवलं की झालं. घरात नवी सून आली आणि काही बिनसलं की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

याचा अर्थ फसवणारे दुकानदार नसतात किंवा अफरातफर करणारे कारकून नसतात असा नाही. बँकेच्या नोकरीत मी तेही पाहिले आहेत. पण दोष नेमका सापडला की दोषी असेल तर तो आपोआप समोर येतो. उलट्या बाजूनं गेलं की दोषी सापडतो आणि दोष तसाच राहतो. पुढच्या वर्षअखेरीला तो पुन्हा उगवतो.

जगानं हे अनुभवातून ओळखलं आहे. अमेरिकेत हार्वर्ड मार्क-२ नावाच्या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला आणि खाली नोंद केली. कुठल्या पॅनेलमध्ये, कितव्या रिलेत सापडला, हे त्यात आहे. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणायची तिथल्या अभियंत्यांची रीत आधीचीच होती. हा किडा मात्र खरोखरचा निघाला. ती वही आजही तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. खिडकी कुणी उघडी ठेवली होती, हे त्या नोंदीत नाही. विमान पडलं की जी तपासणी होते, तिच्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच सांगितलं आहे: तपासणीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, कुणाच्या माथी दोष मारणं हा नाही. दयेपोटी केलेला हा नियम नव्हे. माणूस घाबरला की लपवतो, आणि लपवलं की दोष सापडत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागं आहे.

त्या पोरानंही लपवलंच होतं. दुपारी एक वाजता यंत्र बंद पडलं होतं आणि वडिलांना कळलं संध्याकाळी सहाला. मधले पाच तास तो एकटा, घामाघूम होत, हाताला येईल ते काढत-घालत बसला होता. या पाच तासांत खरंच काही जळलं असतं तर ते भीतीनं जळलं असतं.

घरी बसून कॉम्प्युटर जोडता येतो, याचं मूळ १९८१ मध्ये आहे. आयबीएमनं त्या वर्षी आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्याची रचना उघडी ठेवली, आणि पुढे कुणाचाही सुटा भाग कुणाच्याही भागाला जुळायला लागला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली या बाजारांत हजारो मुलांनी असे सुटे भाग घासाघीस करून घेतले आणि घरी जोडले. आज बहुतेक वस्तू बंद पेटीत येतात. बिघडल्या की टाकायच्या. अशा काळात एखादं पोर झाकण उघडून आत बघतंय, तर त्याच्या हातून एखादा प्लग राहणारच. शाळेत आपण त्याला बरोबर उत्तर काढायला शिकवतो. चुकलेलं उत्तर कुठल्या पायरीवर चुकलं, हे शोधायला कुणी शिकवत नाही. ते घरानं शिकवावं. त्याला फार काही लागत नाही. एक कागद, एका वेळी एकच बदल, आधीची स्थिती टिपून ठेवायची सवय, आणि ‘चालू होतं, तूच बिघडवलंस’ हे वाक्य घशाखाली गिळणारा एक बाप.

त्या वर्षी खंडेनवमीला दुकानदारांनी तराजू, कात्री आणि गल्ल्याबरोबर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. झाकणावर पोरानं आमचा तो कागद चिकटवून ठेवला होता. यादीतल्या तीन नावांखाली त्यानं चौथं लिहिलं होतं: ‘माझा हात’.

मला तो कागद बघवेना. ते चौथं नाव लिहायला त्या पोराला एक संध्याकाळ पुरली. माझं लिहायचं राहिलं ते १९८७ च्या मार्चमध्ये. त्या कारकुनाचा पत्ता तेव्हा बँकेच्या दप्तरात होता, पंधरा पैशांचं कार्ड टाकलं असतं तरी पोचलं असतं. मी टाकलं नाही. तो आज कुठं आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी चहा घेताना तो हे पान वाचत असेल, तर त्यानं एवढंच वाचावं: तो फरक २,७०० रुपयांचा होता, आणि अक्षर माझं होतं.